भिंतीकडे वळलेला फोटो

दर पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत काळूबाबांना वीरपिता म्हणून शाल मिळायची आणि ते सांगायचे, "माझा सुदाम हसत लढाईवर गेला."

यंदा ते बोलताच टेबलावरचा सुदामचा फोटो भिंतीकडे वळला.

"वारा लय हाय," म्हणत गुरुजींनी तो सरळ केला. पटांगणातला झेंडा मात्र काठीला चिकटून होता. "बोला बाबा, माइक आत्ता लागला."

"हसत गेला."

फोटो पुन्हा वळला.

खरं तर रजेवर आलेला सुदाम "परत धाडू नका" म्हणत रडला होता. "लोकं थुंकतील माझ्या तोंडावर," असं म्हणून बाबांनीच त्याला नाशिकरोडला गाडीत बसवलं होतं.

बाबांची मान खाली गेली. "रडत व्हतं पोरगं. मीच धाडलं."

फोटो सावकाश समोर वळला. चौकटीत सुदाम पाठमोरा उभा होता.