शेवटचं घर

"पाद्रीबुवा कुठे कॉफी प्यायला बसले की काय?" थोर्दिसने पुन्हा विचारलं.

आठच्या बातम्यांना थोडाच वेळ उरला होता. पश्चिमेच्या खाडीबाहेर मासेमारीची बोट उलटली होती, एकही माणूस वाचला नव्हता. तिच्या हातातल्या कागदावर बोटीचं नाव होतं, खलाशांची नव्हती. पाद्री घरोघरी जाऊन सांगेपर्यंत बातमी वाचायची नाही, हा सरकारी टीव्हीचा जुना नेम. एवढ्याशा देशात तो मोडला तर तोंड दाखवायला जागा उरत नाही.

"एकच घर राहिलंय," संपादक स्वेर्रिर म्हणाला. "ऐन वेळी चढलेल्या बदली खलाशाचं. इथेच, रेक्याविकमध्ये. दार कुणी उघडत नाही."

"मग शेजाऱ्यांना विचारा म्हणावं! आपल्याकडे कोण कुठे शिंकलं ते गल्लीभर कळतं. सगळं मीच सांगायचं का?"

स्वेर्रिरने फोन करून तसं कळवलं.

थोर्दिसचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने पिशवीतलं विणकाम काढलं, दोन टाके घातले, परत ठेवलं. स्वेटर कारीचा, तिच्या लेकाचा. तो उत्तरेला अकुरेयरीत शिकत होता. परीक्षा आहे, आठवडाभर फोन करू नकोस, असं त्याने बजावलं होतं. अभ्यासाने पोरगं पार वाळलं असेल, असं तिच्या मनात आलं.

फोन वाजला. स्वेर्रिर नुसता ऐकत राहिला. "बरं," एवढंच म्हणाला.

"सापडलं घर?"

"शेजारीण भेटली." त्याने तिच्या हातातला कागद काढून घेतला. "आज ब्रागी वाचेल."

तरणाबांड ब्रागी कधीपासून तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. थोर्दिसच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी आवाज चढवला म्हणून? इतकी वर्षं वादळात, बर्फात येऊन बातम्या वाचल्या मी. म्हातारी झालीस, असं तोंडावर सांग ना!"

"थोर्दिस, बस जरा."

"नाही बसत!"

ब्रागी टाय आवळत आला. एरवी टोमणा मारल्याशिवाय तो तिच्यासमोरून जात नसे. आज मान खाली घालून गेला. खुर्ची मिळूनही याला हसू येऊ नये, याचाच तिला जास्त राग आला.

दार उघडलं. अंगावरचा बर्फही न झटकता पाद्रीबुवा आत आले.

"आलात? आता तुम्हीच सांगा यांना, सगळ्या घरी कळवून झालंय म्हणून," ती तावातावाने म्हणाली.

पाद्रीबुवांनी टोपी काढली आणि तिच्यासमोरची खुर्ची ओढली.

"नाही, थोर्दिस. एक राहिलंय."