मोकळा पडदा

केंदूरच्या देवळात म्हातारी मंडळी कीर्तन ऐकायला येऊन बसली होती, आणि तुळजाबाईंना कॉम्प्युटरवर कीर्तनच सापडत नव्हतं. त्यांनी चिडून भाच्याला, सत्यजीतला फोन लावला. कॉम्प्युटर लावल्यावर पडद्यावर दिसणारा, कुणीही फुकट वापरावा असा हा ‘डेस्कटॉप’ प्रोग्रॅम तो आणि त्याचे देशोदेशीचे मित्र मिळून बनवत. परवा त्यानंच पेनड्राइव्हवरून नवी आवृत्ती टाकून दिली होती.

“पडद्यावरची समदी चित्रं कुठं गेली रं? मला कुठं वाचता येतंय? तिसऱ्या चित्रावर माउस दाबला की कीर्तन लागायचं.”

“काढली ती, आत्या. पडदा मोकळा केलाय. आता एकदम सोपं झालंय.”

“कुणाला इचारून?”

“सगळ्यांना! नेटवरून मतं मागवली होती. शंभरातल्या नव्वदांना चित्रं नकोच होती.”

“देवळात नेट हाय का?”

“नाही… पण आत्या, आम्ही विचारलं होतं गं.”

“आरं, कीर्तनात बुवा इचारत्यात, ‘मागं ऐकू येतंय का?’ तवा पुढचेच माना हलवत्यात. मागच्यांना तो प्रश्नच ऐकू गेलेला नसतो.”