देवघरातली झारी

या, असे पुढे सरका. वैशाखरे गावातल्या एका झारीची गोष्ट आहे. छोटीच आहे, पण कीर्तनात बसल्यासारखी मन लावून ऐका.

सोनालीनं बाजारातून आणलेली पिशवी उघडली ती तिच्या सासूनं, रंभाकाकूंनी, आणि तिथंच सगळं झालं. सोनाली पाय धुऊन घरात येते तो काकूंनी तांब्याची नवी, लांब चोचीची झारी देवघरात महादेवाच्या पिंडीशेजारी ठेवलेली. वर कुंकवाचं बोटही लावलेलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी.

"देवाला झारी आणलीस गो! इतकी वर्षं मी वाटीनं पाणी घालतेय, कुणाच्या ध्यानात नाय आलं."

 झारी सोनालीनं नाकासाठी आणली होती. तिचं नाक बारा महिने चोंदलेलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी उकळून कोमट करा, मीठ घाला, एका नाकपुडीतून सोडा, दुसरीतून बाहेर येईल. पण आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं? संध्याकाळी देवळात कीर्तन बुवांचं झालं, पण बायांत चर्चा झारीची. काकू एकेकीला धरून सांगत होत्या, "माझ्या सुनेनं आणली."

"आता देवाकडूनच मागून घे," तिचा नवरा संदेश हसून म्हणाला.

"तुमी गप बसा. आईंना कळता कामा नये. दुसरी आणली तरी लगेच ओळखतील."

मग भाताची झोडणी सुरू झाली. खळ्यावरची धूळ नाकात जाऊन बसली. डोकं ठणकायचं, रात्र बसून काढावी लागायची. सोनाली चहाची किटली घेऊन गुपचूप गोठ्यामागे जाऊ लागली. किटलीची तोटी जाड. निम्मं पाणी तोंडात, निम्मं गाऊनवर.

एका सकाळी काकू शेण भरायला तिकडे गेल्या. सून मान तिरकी करून उभी, किटली नाकाला. काकू थबकल्या आणि तशाच मागे फिरल्या. देवघरातून त्यांनी झारीचा खोका काढला. त्यात त्या वाती ठेवत. खोक्यावरच्या चित्रात एक बाई अशीच मान तिरकी करून उभी होती. इतके दिवस काकूंना वाटायचं, ती देवाला नमस्कार करतेय.

दुसऱ्या दिवशी सोनाली उठली तर मोरीपाशी पाट मांडलेला. पाटावर चिंचेनं घासून लखलखीत केलेली झारी. बाजूला कोमट पाण्याचं पातेलं.

"आई, ही देवाची..."

"माहिती हाय कुणाची ती. संदेशला विचारून पाणी चांगलं उकळून घेतलंय. मीठ तेवढं तू बघून घाल, मला त्यातलं कळत नाय."

"पण बाया विचारतील ना, देवाची झारी कुठं गेली?"

"सांगेन, अभिषेक रोज चालू हाय." काकूंनी तिची मान हलकेच तिरकी केली. "आणि त्याला वाटी चालते गो. तुला किटली नाय चालत."

पाणी एका बाजूनं गेलं, दुसऱ्या बाजूनं आलं. कितीतरी दिवसांनी सोनालीला देवघरातल्या उदबत्तीचा वास आला.

तेव्हा मंडळी, उद्या पिंडीवर पाणी घालताना रंभाकाकूंची आठवण काढा. त्या अजून वाटीनंच घालतात.