रिपोर्ट पॉझिटिव्ह

मागच्या वर्षी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाची लस टोचल्यावर जुनो कुत्री मरता मरता वाचली, म्हणून यंदा डार्लाने लशीआधी तिचं रक्त तपासायला दिलं. दवाखान्याचा फोन आला तेव्हा घरात फक्त तिचा नवरा वेंडेल होता. "जुनोचा रिपोर्ट. डिस्टेंपर पॉझिटिव्ह," एवढं बोलून तिथली बाई मोकळी झाली.

त्या रोगाने झटके खात मेलेली कुत्री वेंडेलने पाहिली होती. जुनोचे तसे हाल नकोत म्हणून त्याने बंदूक उचलली आणि रडत रडत तिला गोठ्यामागे नेलं.

डार्ला परतली तेव्हा तो खड्ड्यावर बर्फाळ माती लोटत होता.

 

"अरे, ठेव ते फावडं. माझी राणी कुठाय? डॉक्टर म्हणाली, पॉझिटिव्ह म्हणजे जुन्या लशीची ताकद रक्तात अजून शाबूत आहे. यंदा सुई नको."