जॉब कोणी घासला

लोखंडालाही स्मृती असते, या शोधाने मानवजातीला सत्याचं दार उघडून दिलं. विद्यापीठाच्या उपकेंद्रात त्या दारातून फक्त वर्कशॉपची परीक्षा आत शिरली. विद्यार्थ्याने घासून आणलेल्या लोखंडी तुकड्यावर, म्हणजे जॉबवर, यंत्र टेकवलं, की त्यावर कानस कोणी चालवली त्याचं नाव ते सांगे.

सीनियरांकडून हातोहात आलेला जुना जॉब प्रज्वल डोईफोडेने नुसता गंज काढून आणला होता. पकडला गेला तर वर्ष बुडणार.

बाहेरून आलेले परीक्षक कुंभेजकर सर यांनी यंत्र टेकवलं. यंत्र खणखणीत बोललं, “सुधाकर कुंभेजकर.”



“अजून चालतोय होय रे हा?” सरांनी हळूच विचारलं.

“पळतोय, सर. दरवर्षी पास होतो.”

सरांनी दहापैकी चार गुण दिले. त्यांनाही तेव्हा चारच मिळाले होते.