सोमवारचं मौन

श्रावणी सोमवारी दुपारपर्यंत उज्वला एक शब्दही बोलत नसे. लेकरांच्या आयुष्यासाठी तिनं हे मौन धरलं होतं. चाकूरजवळचा निजामाच्या काळातला मळा बघायला निघताना तिचा नवरा बालाजी हसून म्हणाला, "आज आमच्या कानाला लई आराम हाय."

पायवाट सोपी होती. सहा वर्षांचा सत्यम आणि चार वर्षांची मुक्ता पुढं पळाली. बालाजी मागं फोटो काढत राहिला.

मळ्यात जुनं पेव होतं, धान्य साठवायला जमिनीत खोल खणलेलं. त्याच्या उघड्या तोंडाशी दोघं वाकून बसली होती. उज्वला टाळ्या वाजवत धावली, पण त्यांनी मान वर केली नाही.

"हाव आई, येऊन राहिलो," सत्यम पेवात बघत म्हणाला. त्यानं एक पाय आत सोडला.

उज्वलानं व्रत मोडलं. "सत्यम, मागं हो!"

दोघांनी दचकून तिच्याकडं पाहिलं. मग मुक्ता पेवात वाकून हळूच म्हणाली, "आई, ती बाई तुझ्यासारखीच बोलून राहिली."

आतून उज्वलाचाच मऊ आवाज आला, "म्हणून तर म्हणते बाळा, लवकर उतरा."