लाल रस्त्यावरचा अबोला

ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी शालन हंसांचे फोटो काढत उभी होती, तीही नेमकी सायकलींच्या लाल रस्त्यावर. तिथे थांबू नका, असं गाइडने सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. फुटपाथवरून बघताना नलिनीबाईंचा जीव खालीवर होत होता. पण या धाकट्या जावेशी त्यांचा आपल्या लेकीच्या लग्नातल्या मानपानापासून अबोला होता. घरच्यांनी मुद्दाम एकत्र सहलीला धाडलं, तरी तो सुटला नव्हता. आता आपणहून बोलायचं?

वळणावरून एक सायकल सुसाट आली. घंटी खणखणली, तरी शालन हलेना.

"शालन, अगं मरशील!" नलिनीबाईंनी किंचाळत तिचा दंड धरून तिला खेचलं. सायकलवाली ओरडत निघून गेली.

"केवढ्यानं ओढलंत, वहिनी! हात निखळला असता."

"जीव वाचला ते दिसत नाही, हात दिसतो!"

मग मानपान निघालं. हॉटेलपर्यंत दोघी तावातावाने भांडत गेल्या. नलिनीबाईंनी तिचा दंड काही सोडला नाही.